संकष्टीचं ऊन
"सूर्य कधी मावळणार रे?" प्रमिलाताईंनी तिसऱ्यांदा विचारलं. आज संकष्टी होती आणि सकाळीच त्या नॉर्वेच्या उत्तर टोकाला, मुलाकडे पोचल्या होत्या.

हृषीकेश चाचरला. "आई, जून आहे. इथे अजून महिनाभर सूर्य मावळणारच नाही. आणि आज चंद्रही उगवणार नाही."

प्रमिलाताईंनी खिडकीबाहेर पाहिलं. हा तान्हा असताना तापानं फणफणला, तेव्हा त्यांनी हे व्रत धरलं होतं. छत्तीस वर्षांत चंद्र पाहिल्याशिवाय घास घेतला नव्हता.

शेवटी त्यांनी मिरजेला बहिणीला फोन लावला. "मंदे, गच्चीवर जा नि मला चंद्र दाखव!"

बऱ्याच वेळानं तिकडचा ढग सरला. मोबाइलमधल्या थरथरत्या चंद्राला त्यांनी हात जोडले. खिडकीत लख्ख ऊन होतं.

"पान वाढ," त्या पुटपुटल्या, "पण आधी पडदे ओढ. सूर्याच्या देखत चंद्राचा उपास सोडायला कसंतरीच वाटतं."