रेडिओला डोळे नसतात

"एवढं मोठं वांगं," भागीरथा म्हणाली आणि तिनं दोन्ही हातांनी वांग्याचा आकार दाखवला.

"मेलो!" मनोहररावांनी कपाळावर हात मारला. "एवढं म्हणजे केवढं, बाई? रेडिओला काय डोळे असतात? ऐकणारा बसला तिकडं आष्टीत. त्याले तुमचे हात दिसून राह्यले का?"

भागीरथा पदर तोंडाशी धरून हसली. तिच्यापुढं पायलीत ताकाची रवी उलटी उभी केली होती. तोच मायक्रोफोन. मनोहरराव नालवाडीचे ग्रामसेवक, आणि रोज सकाळी येऊन ते भागीरथेच्या ओसरीवर नागपूर रेडिओची तालीम घेत होते. तिच्या भाजीच्या वाडीतल्या वांग्यांना जिल्ह्याच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं, म्हणून शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात तिची मुलाखत ठरली होती. नालवाडीतून रेडिओवर जाणारी ती पहिलीच. गावाचं नाक तिच्या हाती होतं आणि मनोहररावांना त्या नाकाची फार काळजी.

"मान हलवायची नाही, तोंडानं हो म्हणायचं. पदर खाली. अन् 'ते', 'ह्यांनी', 'तिकडची' हे काही चालणार नाही. माणूस आला की त्याचं नाव घ्यायचं. आता शेवटला प्रश्न. हे सारं तुम्हाला शिकवलं कोणी?"

"आत्याबाईनं."

"म्हणजे तुमच्या सासूबाईंनी. पण त्यांचं नाव?"

भागीरथेचा पदर परत तोंडाशी गेला. कोपऱ्यात मेथी निवडत बसलेल्या सासूचा हात थांबला.

"सासूचं नाव घेऊ? जीभ नाई झडन माही?" भागीरथा म्हणाली.

खरी गोष्ट वेगळीच होती. तिला सासूचं नाव माहीतच नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून गाव सासूला वाडीवाली म्हातारी म्हणे. मुलगा, म्हणजे भागीरथेचा नवरा, माय म्हणे, आणि तोही पटकीनं गेला. तेव्हा भागीरथेच्या लग्नाचं लुगडंही जुनं झालं नव्हतं. भाऊबंदांनी तिला माहेरी पोचवायला गाडी जुंपली, आणि ह्याच म्हातारीनं चारचौघांत पुढं होऊन बैल सोडले. "हे जाईन तं मीबी जाते," एवढंच म्हणाली. मग सुनेला वाडीत नेऊन तिच्या हातात खुरपं दिलं. रोप कसं लावायचं, पाणी कधी तोडायचं, बियाण्याला कोणतं वांगं ठेवायचं, सारं तिनं शिकवलं.

ह्या उपकाराचं भागीरथेनं सासूला कधी बोलून दाखवलं नव्हतं. घरात कोणी कोणाला असं बोलतं का? वांग्यांचं काय, ती आपल्या तोंडानं बोलतात. तिला रेडिओवर हे एकच सांगायचं होतं, आणि म्हातारीचे कान शाबूत आहेत तोवर सांगायचं होतं.

मनोहरराव गेल्यावर ती सासूजवळ जाऊन बसली.

"आत्याबाई, तुमचं नाव काय वो?"

"म्हातारी."

"खरं सांगा न."

"काऊन? लोकं हासतीन, बाई. हे तोंड पाय अन् थे नाव पाय."

मेथी संपली, पण म्हातारी काही बधली नाही. मुलाखतीच्या दिवशी वर्धा स्टेशनवर सुनेला पोचवायला मात्र हट्टानं आली. गाडीची शिट्टी झाली तशी तिनं खिडकीतून भागीरथेचं डोकं खाली ओढलं आणि कानात नाव सांगितलं. भागीरथेला हसू आवरेना.

"पाय! तूच पयले हासली," म्हातारी चिडली. "खबरदार, तिथं घेशीन तं! घरात घेनार नाई तुले."

संध्याकाळी पंचायतीपुढं स्टुलावर सरकारी रेडिओ ठेवला. अख्खी नालवाडी जमली. म्हातारी मागं कडुलिंबाखाली काठी घेऊन बसली. खरखर झाली आणि खोक्यातून ओळखीचा आवाज आला. "आपली भागीरथा! अगं बाई, बोलून राह्यली ना!" बायकांनी एकमेकींना चिमटे काढले.

"एवढं मोठं वांगं," भागीरथा म्हणाली. मनोहररावांनी डोळे मिटले. "म्हंजे सोललेल्या नारळाएवढं." मनोहररावांचा जीव भांड्यात पडला.

मग शेवटला प्रश्न आला, हे सारं तुम्हाला कोणी शिकवलं? खोकं एकदम मुकं झालं.

"मान हलवली बाईनं!" मनोहरराव कुजबुजले. "घात झाला."

"माह्या सासूनं," खोकं बोललं. "नवरा गेला तवा सारे मले धाडून देत होते. तिनं बैल सोडले अन् मले वाडीत नेलं. मी आज भाकर खाऊन राह्यली, तुमच्यापुढं बसून बोलून राह्यली, थे सारं तिच्यामुळं. घरी मले हे सांगता नाई आलं. नाव घेऊ नको म्हणून तिनं बजावलं हाये. पण गावानं तिले कधी नावानं बोलावलंच नाई, म्हणून मी बोलावते. रागावली तं रागावू द्या." आणि नागपुरात बसलेली ती बाई, वाडीच्या ह्या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी तशी ओरडली, "रंभाबाई वोऽ! आयकून राह्यल्या ना?"

कोणी हसलं नाही. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं पाहायला लागले.

"कोन रंभाबाई?" बायकांतल्या शोभाबाईनं विचारलं. "आपल्या गावात कोन हाये रंभा?"

लिंबाखाली काठी पडल्याचा आवाज झाला. म्हातारी ताठ उभी राहिली होती आणि खोक्याकडं पाहून खणखणीत आवाजात म्हणाली, "ओऽ!"