शाखेसाठी पाहणी

"एकूण मुली दोनशे दहा. बैठकीला थांबल्या अकरा." शिवप्रियाताईंनी आकडा फॉर्मवर लिहिला. "एवढ्यावर शाखा कशी उघडायची?"

त्या विद्यार्थिनी मंचाच्या जिल्हा संघटक. यंदा जिल्ह्यातल्या तीन महाविद्यालयांत नव्या शाखा उघडायच्या होत्या. ढोकीच्या अलीकडचं हे पाहणीतलं सातवं महाविद्यालय. त्यांनी येताना पाण्याच्या बाटल्यांचा खोका आणला होता. अकराजणींनी एकेक बाटली घेतली. झाकण एकीनंही उघडलं नाही.

अकराजणींतल्या अक्षदानं अर्ज पुन्हा पुढं सरकवला. खाली एकशे नव्वद सह्या होत्या.

"मुलींच्या संडासाला दोन वर्षं कुलूप हाय, ताई. म्हणून तर सगळ्या बाराच्या एसटीनं घरी पळत्यात. प्राचार्य आमचा अर्ज हातात घेत न्हाईत. शाखा झाली, मंचाच्या कागदावर आला, तर घ्यावा लागंल."

"तो महाविद्यालयाचा अंतर्गत प्रश्न." ताईंनी फॉर्म फिरवून तिच्यासमोर धरला. 'स्वच्छतागृह' या शब्दापुढं बरोबरची खूण होती. "प्राचार्य सर म्हणाले, आहे."

"दार हाय. कुलूपबी हाय."

मागं करिश्मा फिसकन हसली. ताई हसल्या नाहीत.

"तुळजापूरला जाऊन बघ. वसतिगृह आहे, सभागृह आहे, मुली संध्याकाळपर्यंत थांबतात. शाखा अशा ठिकाणी टिकते."

"जिथं सगळंच हाय, तिथं तुमी कशाला?"

"आवाज खाली."

"लई दिवस खालीच व्हता, ताई."

ताईंनी शेऱ्याच्या रकान्यात 'तूर्त अयोग्य' असं लिहून सही केली. फोटो राहिला होता. मुलींनी मंचाचा बॅनर धरला. फोटो तीनदा काढावा लागला, तरी कुणी हसलं नाही.

गाडी सुरू झाली आणि फाटकापाशी थांबली. ताई उतरून परत आल्या. अक्षदाजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सरांची केबिन उघडी आहे का गं?"

"सर चहा झाल्यावरच गेले. कुलूप लावून."

"मग ढोकीला पोचायला किती वेळ?"

"कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरची रांग हाय. तासभर तरी."

ताईंनी इमारतीच्या मागं पाहिलं. पत्र्याचं दार, त्यावर गंजलेलं कुलूप. त्यांनी पदर सारखा केला, पण पाऊल उचललं नाही.

"जावा की, ताई," अक्षदा म्हणाली. "कागदावर हाय म्हणून लिवलंय तुमी."

पायरीवर अकरा बंद बाटल्या ओळीनं ठेवलेल्या होत्या. बारावी ताईंच्या हातात होती. रिकामी.