खिंडीतला बर्फ

काळा सम्राट अखेर मेला. चष्मेवाला मित्र खुर्चीवर उभा राहून टाळ्या पिटू लागला. बस चालवणाऱ्या मित्राने टेबलावरचं सम्राटाचं प्यादं आडवं केलं. एक तपभर, दर रविवारी दुपारी, दादाच्या बैठकीच्या खोलीत चाललेला खेळ संपला होता.

खेळ तसा साधा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून बोलायचं आणि नशिबाचं काम फाशांवर सोपवायचं. डोंगर, राजवाडे, वादळं आणि शत्रू यांची व्यवस्था दादाकडे. तो नकाशे काढायच्या कचेरीत होता, त्यामुळे त्याच्या राज्यात नदी कधी चढावर वाहिली नाही. फासे तो पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकायचा आणि निकाल सांगायचा. त्यावर कुणी ब्र काढत नसे. एकदा दादाने महिनाभर खपून रचलेला राक्षस पहिल्याच घावात गारद झाला, तरी त्याने हूं की चूं केलं नव्हतं. असा माणूस फाशांशी लबाडी करणार नाही, हे मंडळींनी तेव्हाच ठरवून टाकलं.

"आता शेवटची फेरी," दादा म्हणाला. "युद्ध संपलंय. तुमचं पात्र पुढे काय करतं, ते सांगा."

चष्मेवाल्याच्या सरदाराने खानावळ काढली. बसवाल्याचा चोर न्यायाधीश झाला, कारण म्हणे सगळ्या युक्त्या त्यालाच ठाऊक. हसून हसून पुरेवाट झाली. मग सगळे धाकटीकडे वळले.

धाकटी म्हणजे दादाची बहीण. पहिल्या दिवसापासून ती वैद्यीण होती आणि पडलेल्यांना तीच उठवायची. मात्र दर डावात दोन-तीनदा तिला आतल्या खोलीत जावं लागे. बाबा अंथरुणाला खिळलेले, त्यांची कूस बदलायची असे. तेवढ्यात तिची पाळी हुकायची. दादाला उठता येत नसे, कारण खेळ चालवणाराच उठला तर खेळ थांबणार. हे सगळ्यांना पटलेलं होतं, दादाला जरा जास्तच.

"माझी वैद्यीण खिंड ओलांडून जाते," धाकटी म्हणाली. "या वेळी बर्फ नाही ना?"

हशा पिकला. तो बर्फ मंडळींत गाजलेला होता. पहिल्याच वर्षी वैद्यीण एकाएकी म्हणाली होती की मला खिंडीपलीकडे जायचंय, मला निरोप द्या. दादाने आडोशामागे फासे टाकले, घटकाभर त्यांच्याकडे पाहिलं आणि ऐन उन्हाळ्यात बर्फ पाडून खिंड बुजवून टाकली. वैद्यीण मुकाट्याने माघारी आली. पुन्हा तिने जायचं नाव काढलं नाही.

"पण काय गं धाकटे, तुला जायचं होतं तरी कुठे?" चष्मेवाल्याने विचारलं. "नकाशात पलीकडे काहीच नव्हतं."

धाकटी कप गोळा करत होती. "नकाशात नव्हतं," ती म्हणाली. "मला तेव्हा दुसऱ्या शहरात नर्सची नोकरी लागली होती. चांगला मोठा दवाखाना होता. राहायला खोलीसुद्धा देणार होते. पण बाबा नुकतेच अंथरुणाला लागलेले. घरात विषय काढायला जीभ रेटेना. म्हटलं, आधी खेळात विचारून बघू. दादा जा म्हणाला, तर त्याच संध्याकाळी खरंखुरं सांगून टाकायचं."

बसवाला उगाच नकाशाची घडी घालू लागला. दादाचे कान तापले. मान वर करायची त्याची छाती होईना.

त्याचा चेहरा पाहून धाकटीलाच वाईट वाटलं. "अरे दादा, तू कशाला तोंड पाडतोस? तुला कुठे काय ठाऊक होतं? आणि तू अडवलंस थोडंच? तू अडवलं असतंस ना, तर मी भांडून गेले असते. फाशांशी काय भांडणार? म्हटलं, आपल्या नशिबातच नाही. मग नाद सोडून दिला."

दादाला ती दुपार लख्ख आठवत होती. बोलत होती वैद्यीण, पण धाकटी नकाशाकडे पाहतच नव्हती. ती त्याच्याकडे पाहत होती आणि हाताची बोटं पिळत होती. काय चाललंय ते त्याला तेव्हाच कळलं होतं. पाठोपाठ बाबांची आंघोळ, बाबांचं जेवण, बाबांच्या रात्री त्याच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या होत्या.

आत्ता एक वाक्य पुरलं असतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की ते न बोलताच तो फासे गोळा करू लागला.

आतून बाबांची हाक आली. धाकटीने हातातले कप तसेच खाली ठेवले आणि लगबगीने निघाली. दारात ती थांबली. "आता ते मनाला लावून घेऊ नकोस," ती म्हणाली. "फाशांपुढे तुझं तरी काय चालणार होतं?"

"काहीच नाही," दादा म्हणाला.

त्या दुपारी फाशांनी तिला जा म्हटलं होतं.