कोकराची जागा

घोंगडी पुन्हा घसरली आणि उत्कर्षा वैतागली.

“अगं, कुणाला येतं का हे? दुकानदार म्हणाला, नुसतं डोक्यावरून घ्यायचं. हे तर सारखं पायात येतंय!”

कॉलेजच्या मैदानावर ट्रॅडिशनल डेची गर्दी उसळली होती. सोलापूरचं ऊन फेब्रुवारीतच डोक्यावर चढतं; त्या उन्हात कोणी वासुदेव, कोणी कोळीण होऊन घामाघूम झालं होतं. उत्कर्षा धनगरीण झाली होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, गळ्यात भाड्याची माळ आणि भाड्याचीच काळी घोंगडी. मुलगी बार्शीच्या आडत्याची. मेंढी तिने जवळून पाहिली असलीच तर ताटात. पण मनाने बरी होती आणि दिसत होती झक्क.

रुपाली शेजारी सगळ्यांच्या पर्सेस सांभाळत उभी होती. तिने मावसबहिणीची जरीची साडी नेसली होती. आठवडाभर इन्स्टावर इतर मुलींचे फोटो बघून बघून तिने ती निवडली, आणि फाटकातून आत आल्या आल्या तिला कळलं की असल्या साड्या आता कोणी नेसत नाही. तिच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नव्हतं.

तिचे आईवडील तेव्हा मेंढरं घेऊन भीमेकाठी उतरले होते. हे इथे कोणाला ठाऊक नव्हतं. वडील काय करतात असं विचारलं की ‘पशुसंवर्धनात आहेत’ असं ती सांगायची. खोटं नव्हतंच ते. पण तेवढं बोलून झालं की पुढे बोलायला काही उरायचं नाही, आणि विचारणारी दुसरीकडे वळायची. निघताना आईने दिलेली घोंगडी होस्टेलच्या गादीखाली होती, वर फुलाफुलांची चादर. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथे तर पिकलेलं गादीखाली दडपून ठेवलं होतं.

उत्कर्षाने घोंगडी पुन्हा उलटीसुलटी केली. रुपालीला बघवेना. तिने पर्सेस खाली ठेवल्या.

“थांब. हलू नकोस.”

तिने कोपरा आत दुमडून खोळ केली, डोक्यावर नीट बसवली, उजवी बाजू ओढून पुढे घेतली आणि डावीकडे जरा मोकळं सोडलं. हात आपले आपण चालत होते. आता कोणी विचारलं तर सांगून टाकू, असं तिच्या मनात आलं. तिला सांगायचंच होतं. होस्टेलवर आल्यापासून ती एका तरी माणसाला सांगायची संधी शोधत होती.

उत्कर्षाने मान हलवून पाहिली. खोळ जागची ढळली नाही.

“ए, परफेक्ट! तुला कसं काय येतं गं हे?”

सगळ्या रुपालीकडे बघायला लागल्या. रुपालीने खाली ठेवलेल्या पर्सेस पुन्हा उचलल्या.

“रीलमध्ये बघितलं होतं.”

“मला पण पाठव ना ती.”

“शोधते,” रुपाली म्हणाली.

फोटोही तिनेच काढला. “सगळ्यांनी स्टेटसला ठेवा गं!” असं ओरडून उत्कर्षा बाकीच्यांना घेऊन चहाला गेली, आणि रुपाली पर्सेसजवळ पायरीवर बसली. उत्कर्षाने लगेच इन्स्टावर टाकलेल्या त्या फोटोखाली कौतुकाचा नुसता पाऊस पडत होता. कोणी ‘अस्सल’ म्हणत होतं, कोणी ‘आपल्या मातीतली पोरगी’. ती एकेक वाचत गेली. त्यातलं एकही आपल्यासाठी नाही हे माहीत असूनही तिला थांबता येईना. मग तिनेही तो स्टेटसला ठेवला. एरवी ती आपलं स्टेटस घरच्यांपासून लपवायची. आज लपवलं नाही. त्यात ती नव्हतीच.

थोड्याच वेळात भाऊ जोतिरामचा फोन आला.

“रुपे, आईला बोलायचंय. तुझं स्टेटस दावलं तर फोनच सोडंना झालीया.”

मागे मेंढरांचा गलका चालला होता. जवळपास कोणी नव्हतं, तरी रुपालीने फोनचा आवाज कमी केला.

“रुपे,” आई म्हणाली, “ती घोंगडीवाली पोरगी हाय न्हवं, ती आपल्यातलीच हाय बघ.”

“न्हाय गं आई, ती...”

“मला नगं सांगूस. डावा हात मोकळा ठिवलाय तिनं, कोकरू घ्यायला. मी ठिवते तसाच. मेंढरामागं हिंडल्याबिगर सुचतंय व्हय ते कुणाला?”

रुपालीला एकदम रडू आलं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

“तितं आपलं कुणी न्हाय म्हनून रडत हुतीस न्हवं दिवाळीला? मला लई घोर लागला हुता. आता तिच्याशी वळख काढ. येकटी नगं ऱ्हाऊस. कशी ताठ हुबी हाय बघ, कुणाला भ्याली न्हाय. बघून लई बरं वाटलं मला. ऐकतीस न्हवं?”

“व्हय.”

“मग जा की तिच्याकडं,” आई म्हणाली. “आन् इचार तिला, कुणाची लेक हाय म्हनून.”