कुशल पुण्याला असतो

फोन घणघणला आणि ढुंढिराजशास्त्र्यांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला. तीन दिवस ते याच आवाजाची वाट बघत होते. कुशल, त्यांचा एकुलता एक मुलगा, परदेशात डॉक्टरकी शिकत होता. त्या देशात लढाई पेटली आणि पोराचा फोन बंद पडला. तीन दिवस शास्त्र्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. पण मेला फोन वाजायचा तो आत्ताच! समोर रत्नाकरपंत बसले होते.

रत्नाकरपंत म्हणजे ट्रस्टचे विश्वस्त. वर्षातून एकदा अमरावतीहून काशीला यायचे. संकठा घाटाच्या गल्लीतलं दत्तमंदिर ट्रस्टचं, त्याला लागून असलेलं शास्त्र्यांचं राहतं घरही ट्रस्टचंच. आणि ट्रस्टचा एक जुना नियम होता. ज्या घरातलं कुणी समुद्रापलीकडे गेलं, त्या घराकडे देवाची पूजा राहायची नाही. विमानाला समुद्र लागतो की नाही, हे विचारायची सोय नव्हती. पूजा गेली म्हणजे घर गेलं, एवढं शास्त्र्यांना कळत होतं.

म्हणून तीन वर्षं सगळ्या गल्लीला एकच ठाऊक होतं, की कुशल पुण्याला असतो, बकुळआत्याकडे. पासपोर्टसुद्धा पुण्याच्या पत्त्यावर काढलेला. तिकडं पोचल्यावर पोरानं विचारलं होतं, "बाबा, इथल्या आपल्या दूतावासात नाव नोंदवायला सांगतायत. घरचा पत्ता, घरचा फोन द्यावा लागतो." शास्त्री उखडलेच. "काही नको! उद्या चौकशीचा कागद गल्लीत आला म्हणजे बोभाटा. तू आपला गुपचूप शीक." पोरगं गुणी. त्यानं नाव नोंदवलं नाही.

शास्त्र्यांनी फोन कानाला लावला.

"एम्बसी से बोल रहा हूँ. एक लड़का आया है, नाम कुशल बताता है. न पासपोर्ट है, न हमारी लिस्ट में नाम. यही एक नंबर याद है उसे. कहता है, आपका बेटा है. है क्या?"

जिवंत आहे! शास्त्र्यांचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले, ते त्यांनी उपरण्यानं टिपले. दूतावासात पोचलं म्हणजे पोरगं सरकारच्या पदरात पडलं, आता कसली काळजी? देवा, दत्तात्रेया, तूच रे बाबा!

"फोनमधून कुशलचं नाव तेवढं ऐकलं मी," रत्नाकरपंत खणखणीत आवाजात म्हणाले. "काय झालं हो शास्त्रीबुवा? पुण्याला बरा आहे ना?"

शास्त्र्यांच्या जिभेला तीन वर्षांची सवय होती, ती त्यांच्या आधीच वळली.

"नहीं, नहीं. हमारा कुशल तो पुणे में रहता है," ते फोनमध्ये म्हणाले आणि बंद केला. मग पंतांकडे वळून हसले. "हल्ली फसवणारे फोन फार येतात. म्हणे तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे!"

"सांभाळून राहा बरं," पंत म्हणाले.

पंत उठले की उलटा फोन लावायचा, शास्त्र्यांनी ठरवलं. अर्ध्या तासानं काय आभाळ कोसळतंय? पण पंत कसले उठतात! त्यांनी नैवेद्याची चौकशी केली, गळकं छप्पर वर जाऊन पाहिलं, पुन्हा चहा घेतला. चांगला पाऊण तास गेला.

पंत गल्लीच्या वळणावर दिसेनासे होतात तोच शास्त्र्यांची बायको कालिंदी संकठा देवीचं दर्शन घेऊन परतली. तीन दिवसांत बाई निम्मी झाली होती. शास्त्री अनवाणीच पुढे धावले. "अगं, फोन आला! पोरगं सुखरूप आहे! दूतावासात पोचलंय!"

कालिंदी तिथंच पायरीवर बसली. हसू की रडू, तिचं तिलाच कळेना. "काय म्हणाला? आवाज कसा होता? जेवलाय का हो?"

"तो नाही बोलला. तिथला साहेब बोलला. विचारत होता, हा तुमचाच मुलगा का म्हणून."

"मग?"

शास्त्री खाली बघू लागले.

"अहो, मग काय सांगितलंत?"

"पंत समोर बसले होते गं."

कालिंदी उभी राहिली. देवीचा प्रसाद तिच्या हातातून पायरीवर सांडला. "त्याच्याजवळ कागद नाही, पत्र नाही. तुमचा शब्द हाच त्याचा कागद होता! लावा फोन. आधी लावा!"

फोन लागेना. सहाव्यांदा लागला. शास्त्री गल्लीत उभे राहून ओरडले. शेजारच्या खिडक्या उघडल्या, उघडेनात का!

"मेरा ही बेटा है! मैं झूठ बोला, साहब! कुशल माझा आहे, माझाच आहे हो तो!"

पलीकडं तोच साहेब होता.

"पंडितजी, सरहद की आखरी बस निकल गई. आधा घंटा हुआ."

"और कुशल?"

साहेब हिंदीतच, पण अगदी हळू सांगू लागला. "फोन मी स्पीकरवर ठेवला होता, पंडितजी. तो समोरच उभा होता, हसत होता. मग तुमच्या मागून कुणा म्हाताऱ्याचा आवाज आला, आणि तो आवाज ऐकल्याबरोबर पोराचा चेहरा उतरला. तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा मी त्याला विचारलं, आता काय सांगतोस? म्हणाला, 'त्यांचं बरोबर आहे, मी त्यांचा कुणी नाही.' फोनकडे बघून हात जोडले, बसच्या रांगेतली आपली जागा मागच्याला दिली, आणि बाहेर निघून गेला."