हळू बोला

कंपनीने जुन्या मॉडेलचं ॲप बंद केलं आणि सकाळपासून लेकीच्या कानामागचं श्रवणयंत्र मुकं झालं. आता जेवणाच्या टेबलावर नवरा आणि दीर यांची चांगलीच जुंपली होती.

"तेव्हाच सांगत होतो, दादा. सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं असतं तर कुणीतरी दुरुस्त करून दिलं असतं. पण तू पडलास मोठ्या नावाला भुलून!"

"मग काय, चार हौशी पोरांच्या भरवशावर लेकीचे कान सोपवू? शहाणाच आहेस!"

"आणि आता कुणाच्या भरवशावर आहेत?"

नवऱ्याने टेबलावर मूठ आपटली. पेले हिंदकळले.

"अहो, हळू बोला ना," ती पोळी वाढता वाढता म्हणाली. "पोर सगळं ऐकते."

यंत्र बसवल्यापासून हे वाक्य ती येताजाता, मोठ्या कौतुकाने म्हणायची. आजही सवयीने तोंडून निघून गेलं. दोघा भावांच्या माना लेकीकडे वळल्या.

खाली फरशीवर पाठमोरी बसलेली लेक चमच्याने ताटली वाजवत होती. ती थांबली. तिने ताटली उलटीसुलटी करून पाहिली, आणि मग पुन्हा वाजवली, आणखी जोरात.