नवा स्टार्टर

“मार.”

“मारतोय.”

“अजून एक.”

सख्ख्या भावांचं दिवसभरातलं बोलणं ते एवढंच. थोरला वाल्मीक जुन्या गाडीत चावी धरून बसायचा. धाकटा शेखर शेजारच्या दारातून यायचा आणि बॉनेटखाली वाकून स्टार्टरवर पान्ह्याचे ठोके द्यायचा. गाडी घरघरली की पान्हा काखेत मारून चालता व्हायचा. माण गावातल्या शेताच्या ज्या बांधावरून दोघांनी एकमेकांची डोकी फोडली, तिथं आता कंपनीच्या गाड्या उभ्या राहतात. बांध गेला, अबोला तेवढा शाबूत. पण दारात गाडी अडली तर हात लावायचा, एवढी रीत गावात अजून उरली होती.

वाल्मीकच्या बायकोला, सगुणाबाईला, हा रोजचा तमाशा नको झाला होता. वरच्या खोल्यांतली भाडेकरू पोरं गॅलरीतून मोबाइल रोखायची. शेवटी तिनं भुकूमहून किशोर मेस्त्रीला बोलावलं. त्यानं दिवे लावून चावी फिरवली. दिवे जराही मंदावले नाहीत.

“बॅटरी दणदणीत हाय, काकू. स्टार्टरच्या आतला कार्बन झिजलाय. ठोक्यानं तेवढ्यापुरता चिकटतो.”

नवा स्टार्टर बसला. सगुणाबाई निर्धास्त झाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच, “मार”, “मारतोय”. तिसऱ्या दिवशी तिनं फोन लावला.

“मेल्या, नवा म्हणून जुनाच घातलास व्हय?”

“काकू, एकदा चावी तुमी फिरवा. मग शिव्या घाला.”

वाल्मीक आंघोळीला गेला होता. ती गाडीत बसली, चावी फिरवली. अर्ध्या फेऱ्यात इंजिन सुरू.

सगुणाबाईनं न्हाणीघराच्या बंद दाराकडं पाहिलं. म्हणजे नवा स्टार्टर बसल्यापासून हा बाबा चावी नुसते डॅशबोर्डवरचे दिवे लागेपर्यंतच फिरवत होता तर. शेखर वाकला की मग पुढं.

समोर कुंपणापाशी शेखर उभा होता, काखेत पान्हा. आवाज त्यानं ऐकला होता. मान खाली घालून तो माघारी वळला.

तिनं चावी उलटी फिरवली. इंजिन बंद.

“कुटं निघालात, भावजी?”

“चालू झाली की, वयनी.”

“हिचा काय भरवसा. आत्ता झाली, आत्ता न्हाई.”

तेवढ्यात कानाला साबण तसाच ठेवून वाल्मीक पंचावर धावत आला. “झाली चालू?” चेहरा असा, की गाडी चोरीलाच गेली.

“कसली चालू. त्या किशोरनं फसवलं आपल्याला. बसा तुमी.” ती उतरली.

वाल्मीक बसला. शेखरनं बॉनेट उघडलं.

“मार.”

“मारतोय, दादा,” शेखर म्हणाला, आणि कोऱ्या स्टार्टरवर ओरखडाही उठू नये इतक्या हळू त्यानं दोन ठोके दिले.